शनिवार तेल्याचा बैल

आपल्याकडे माणसाला नाव पडतं ते कामावरून. सुतार, सोनार, जोशी, कुलकर्णी. काम सुटतं, नाव सुटत नाही. सुट्टीवरून नाव पडलेले मात्र मला कुलाब्याकडचेच, म्हणजे आताच्या रायगडातले, ठाऊक आहेत: शनिवार तेली. हे ज्यू; ते स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची कथा. पोथ्या बुडाल्या, हिब्रू विसरली, तोंडी मराठी बसली, पेणकर-किहीमकर अशी आडनावं लागली. शनिवारी घाणा बंद, हे काही विसरलं नाही. शुक्रवारी सूर्य बुडाला की काम थांबायचं ते शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. चूलसुद्धा पेटवायची नाही.

एवढं विसरून सुट्टी लक्षात ठेवली, यात हसण्यासारखं आहे. पण गिऱ्हाईक बुधला घेऊन दारात उभं असताना ‘आज नाही’ म्हणायला छाती लागते. माझ्या अंगी ती नाही.

मला खरा हेवा वाटतो तो बैलाचा. त्यांच्या दहा आज्ञांत विसावा मालकाला आहे, चाकराला आहे, तसा बैलालाही आहे. सहा दिवस डोळ्यांना झापडं बांधून गरगर फिरायचं, कुठेच पोचायचं नाही आणि सातव्या दिवशी गोठ्यात निवांत रवंथ. शेजारच्या हिंदू तेल्याचा बैल तेव्हा फिरतच असे, पण त्याचीही सोय होती. ते सोमवार तेली. महादेवाचा वार, म्हणून नंदीला सुट्टी. एखाद्या बैलाला दोन्ही धर्म पाळता आले असते तर पाच दिवसांचा आठवडा कोकणात केव्हाच आला असता.

रविवारलाही देवाचा टेकू लागलाच. गिरणी कामगारांसाठी भांडताना नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो खंडोबाचा वार असल्याचं पुढे केलं. १० जून १८९० रोजी सुट्टी मंजूर झाली.

एवढ्या खटपटीने मिळालेल्या रविवारी मी माळा आवरतो, पंखे पुसतो. दुपारी जरा डोळा लागतो न लागतो तोच ऑफिसच्या ग्रुपवर ‘फक्त पाच मिनिटं’ असा निरोप येतो. मग झापडं चढवायची आणि फिरायला लागायचं. त्याआधी सकाळी दळणाचा डबा डोक्यावर. ते उद्यावर ढकलता येत नाही. आमच्या गिरणीला सोमवारी सुट्टी असते.