आमच्या टायमाले: तुलना करू इच्छिणाऱ्या ज्येष्ठांसाठी मार्गदर्शिका

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीत साठी ओलांडली की माणसाला पेन्शन मिळेलच असं नाही, पण ‘आमच्या टायमाले’ म्हणून बोलायला सुरुवात करण्याचा हक्क आपोआप मिळतो. त्याला अर्ज लागत नाही, तलाठ्याचा दाखला लागत नाही. मात्र हक्क मिळाला तरी शिक्षण कोणी देत नाही. परिणामी कित्येक होतकरू ज्येष्ठ पहिल्याच बैठकीत नातवाच्या एका प्रश्नाला गारद होतात आणि उरलेला दिवस सुपारी कातरण्यात घालवतात. ही हानी टाळण्यासाठी पुढील सूचना. त्या क्रमाने वाचाव्यात. शेवटची सूचना वगळू नये.

१. पात्रता

नुसतं वय पुरत नाही. उमेदवाराच्या हयातीत निदान एक राज्य, एक नाणं आणि एक माप नाहीसं झालेलं असावं.

या कसोटीवर १९५० साली आर्णीत जन्मलेला माणूस सर्वोत्तम ठरतो. तो जन्मला मध्य प्रदेशात, कारण यवतमाळ जिल्हा तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ला तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. घर तेच, ओटा तोच, अरुणावती नदीही तीच. मधल्या काळात, १ एप्रिल १९५७ला, चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला आणि पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत ज्याने हे सगळं सोसलं, त्याने नव्या जमान्यावर तोंड टाकलं तर ती कुरकुर नव्हे, अनुभव समजावा.

१९६५नंतर जन्मलेल्यांनी घाई करू नये. त्यांनी काही वर्षं उमेदवारी करावी. मुख्य वक्ता दमला की “होय ना बाप्पा, काय ते दिवस होते” एवढंच म्हणावं आणि चहा सांगावा.

२. स्थळ आणि वेळ

बसस्टँडचा बाक, चहाची टपरी, घरचा ओटा ही मान्यताप्राप्त ठिकाणं आहेत. सर्वात उत्तम वेळ म्हणजे लाइन गेल्यावरची. टीव्ही बंद असतो, पोरांच्या मोबाइलची बॅटरी उतरत आलेली असते, श्रोते उठून जाऊ शकत नाहीत. अशा वेळी “आमच्या टायमाले लाइनच नोती, काही अडलं का आमचं?” हे वाक्य टाकावं. मात्र त्याआधी दहा मिनिटं आपणच लाइनमनला तीनदा फोन केला होता, हे घरात कोणाला माहीत नसल्याची खात्री करून घ्यावी.

३. भाव सांगण्याची रीत

हा या शास्त्राचा कणा आहे. नियम सोपा: वस्तूचा भाव सांगावा, मजुरी सांगू नये.

“चार आण्यात पोटभर चहा-भजे” हे वाक्य निर्दोष आहे. “चार आणे कमवायला किती वेळ वावरात राबा लागे” हे वाक्य त्याच दमात उच्चारल्यास पहिल्याचा बट्ट्याबोळ होतो. तालुक्यातल्या जवळा, लोणबेहळ, सावळी सदोबा कुठल्याही गावचा सालदार आठवून पाहावा. वर्षभर राबून त्याला जे साल मिळे, त्यात त्याने चहा-भजे किती वेळा खाल्ले असतील? हा प्रश्न मनात आला तर तो गिळावा. श्रोत्यांपैकी कोणी सालदाराचा नातू असेल तर विषय बदलावा.

एक तांत्रिक सूचना. चार आण्यांचं नाणं ३० जून २०११पासून चलनातून गेलं. त्यामुळे वीस वर्षांखालच्या श्रोत्याला चार आणे दाखवता येत नाहीत. हा तोटा नाही, फायदा आहे. जी वस्तू दाखवावी लागत नाही तिची किंमत हवी तेवढी वाढवता येते.

४. तब्येतीचं प्रकरण

“आम्ही कधी दवाखान्याची पायरी चढलो नाही” हे सांगताना कंबर सरळ ठेवावी. हात मात्र बाहीच्या आत असावा, कारण दंडावर देवी काढल्याचे व्रण आहेत. देवीचा देशातला शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला. तोवर लस टोचणारा माणूस गावात आला की आज धडधाकट असलेले आपण कडब्याच्या गंजीमागे लपत होतो. पाण्यातून होणारा नारू तर देशातून गेला असं २००० साली जाहीर झालं.

जुन्या काळची माणसं कणखर होती, हे सिद्ध करणं सोपं असतं, कारण जी कणखर नव्हती ती सांगायला उरलेली नाहीत. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२० साली हा आकडा २८वर आला. हे आकडे सभेत काढू नयेत. काढलेच, तर ओट्याच्या कोपऱ्यात गहू निवडत बसलेल्या आजीकडे पाहू नये. तिने त्या १२९मधलं एखादं मोजलेलं असतं.

५. खाण्यापिण्याबद्दल

आजची पिढी हायब्रीड खाऊन हायब्रीड झाली, हे विधान विदर्भात सर्वमान्य असून त्यावर सहसा कोणी हरकत घेत नाही. हे विधान करताना तारखा टाळाव्यात. संकरित ज्वारी भारतात आली १९६४च्या सुमारास. पलीकडच्या पुसद तालुक्यातले गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते आणि या ज्वारीचा प्रचार त्यांनी जीव तोडून केला. म्हणजे ती वावरात पेरली आपल्या बापाने, निंदली आपल्या आईने आणि तिच्या भाकरीवर वाढलो आपण. व्याख्येप्रमाणे पहिली हायब्रीड पिढी कोणती, हे चाणाक्ष नातवाच्या लक्षात येण्याआधी आंबाडीच्या भाजीकडे वळावं. आंबाडी आणि मिरचीचा ठेचा यांविरुद्ध आजवर कोणालाही मुद्दा सापडलेला नाही.

१९७२चा दुष्काळ मात्र जपून वापरावा. रेशनवर मिळालेल्या अमेरिकेच्या लाल मिलो ज्वारीची भाकर कशी लागे, हे सांगण्यात करुण रस चांगला साधतो. पण त्याच बैठकीत “आमच्या टायमाले खाण्यापिण्याची ददात नोती” असं आधी बोलून गेलं असेल, तर दोन्ही वाक्यांमध्ये निदान एका चहाचं अंतर ठेवावं.

६. प्रवास

जुन्या प्रवासाचं वर्णन बंडीपासून सुरू करावं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा, माहूरच्या रेणुकेला जाताना वाटेतला मुक्काम, झाडाखाली सोडलेली चून-भाकर. मग आजच्या रस्त्याकडे तुच्छतेने बोट दाखवावं. आर्णीवरून जाणारा नागपूर-तुळजापूर महामार्ग आता इतका मोठा झाला आहे की बोट दाखवायला जागाही मुबलक आहे.

यात एकच अडचण. हे व्याख्यान बहुधा यवतमाळला जाणाऱ्या एसटीत दिलं जातं. वक्ता पंचाहत्तरीच्या पुढचा असेल तर २६ ऑगस्ट २०२२पासून त्याला तिकीट नाही, पासष्टच्या पुढचा असेल तर अर्धंच. शेजारी बसलेल्या बाईला १७ मार्च २०२३पासून अर्धं तिकीट. म्हणजे गाडीत पूर्ण पैसे मोजून उभा असतो तो, ज्याच्या पिढीला आपण ऐतखाऊ म्हणतो. कंडक्टर जवळ आल्यावर आवाज खाली घ्यावा आणि आधार कार्ड वर धरावं.

७. करमणूक

बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्याच्या यात्रेचा विषय शेवटपर्यंत राखून ठेवावा. हिंदू-मुसलमान सगळ्यांची मिळून ही यात्रा. तिथला आकाशपाळणा आणि कापडात बांधून आणलेली रेवडी यांवर तासभर सहज निघतो. रेडिओचाही उल्लेख करावा. त्यासाठी पोस्टातून लायसन काढावं लागे, हे सांगितल्यास पोरं चकित होतात.

या टप्प्यावर पुढील संवाद होण्याची शक्यता गृहीत धरून तयारी ठेवावी.

“आताची पोट्टी दिवसभर मोबाइलात मुंडकं खुपसून रायते. आमच्या टायमाले मानसं मानसांशी बोलत.”

“काहून आबाजी, मंग काल रातच्याले बारा वाजेपर्यंत कीर्तन कोन पायत होतं? माया डेटा तं तुमीच संपवला.”

“ते कीर्तन होतं बाप्पा, कीर्तन!”

हे उत्तर पुरेसं आहे. यापुढे वाद वाढवल्यास पासवर्ड बदलला जातो, हे ध्यानी ठेवावं.

८. प्रतिपक्षापासून सावधगिरी

नातू, सून, गावातला शिकलेला पुतण्या हे किरकोळ विरोधक. खरा धोका एकच आहे: घरची बुढी. तुलना ऐन रंगात आली असताना ती आतून बोलते.

“आयकता का, विहिरीवरून पानी कोन आनत होतं? पऱ्हाट्या कोन फोडत होतं? चुलीतला धूर डोयात कोनाच्या जात होता? मले तं गॅसच बरा. नळ बी बरा. तुमाले तुमचा जुना टाइम पाह्यजे असन तं तुमी जा. मी नाई येत.”

या हल्ल्यावर कोणताही उपाय आजवर उपलब्ध नाही. सून “मामाजी, चहा घेता का?” म्हणून मध्ये पडली तर तिचे उपकार मानावे. ज्याला आपण ‘तो काळ’ म्हणतो, त्यातला निम्मा काळ बायकांनी डोक्यावर वाहिला होता, आणि तो निम्मा भाग आपल्या आठवणीत नाही, कारण आपण त्या वेळी पारावर बसलो होतो. जाणत्या ज्येष्ठाने ही तुलना बुढी भजनाला गेल्यावर करावी.

९. राखीव तुलना

वरच्या आठही सूचनांचं सार असं की आपण वहीचं डावं पान मोठ्याने वाचतो आणि उजवं बोटाने झाकतो. आता नववी तुलना. हिच्यात काहीच झाकावं लागत नाही, आणि ओट्यावर हीच सर्वात कमी ऐकली जाते. ती आहे कापसाची.

जुनी माणसं सांगतात, क्विंटलभर कापूस विकला की तोळाभर सोनं येई. पोरं याला पण चार आण्यांच्या भज्यासारखं समजून हसतात. पण हिशेब करून पाहावा. १९७० साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव १८४ रुपयांच्या आसपास होता. तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वर, म्हणून तोळ्याला साधारण २१५ रुपये. क्विंटलला तेवढा भाव हाती आला की पोरीच्या लग्नातल्या एका डागिन्याची सोय झाली. २०२५-२६साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता आणि सोनं २०२५ सालातच दहा ग्रॅमला लाखावर गेलं. लाखानेच धरलं तरी त्या भावाने तोळ्याला चौदा क्विंटलांहून जास्त कापूस लागतो. कोरडवाहू वावरात एकरी चार-पाच क्विंटल निघाला, तर तीन एकरांचं अख्खं वर्ष एका तोळ्यात संपलं. बियाणं, फवारणी, वेचाई अजून वजा करायचीच आहे.

उजवं पानही वाचू. १९७२ला कापूस एकाधिकार योजना आली तेव्हा खरेदी केंद्रावर बंड्यांच्या रांगा लागत, रात्री तिथेच काढाव्या लागत, ग्रेडरच्या तोंडाकडे पाहावं लागे आणि चुकारा हप्त्या-हप्त्याने येई. ते दिवस सोन्याचे नव्हतेच. फक्त कापूस सोन्याच्या जवळ होता.

त्यानंतर या जिल्ह्यातून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या देशभर गेल्या. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २० मार्च २०१४ रोजी याच आर्णी तालुक्यातल्या दाभडीत नरेंद्र मोदींनी शेतकऱ्यांशी चहावर चर्चा केली. पक्ष वेगळे, वर्षं वेगळी. तोळ्याचा हिशेब मात्र एकंदरीत शेतकऱ्याच्या विरुद्धच गेला.

तेव्हा सर्व ज्येष्ठांना विनंती. चहा-भजे, बंडी, आंबाडी हे विषय हौसेने बोलावेत, त्यात कोणाचं नुकसान नाही. भाव सांगताना मजुरी सांगावी, तब्येत सांगताना मेलेली बाळं मोजावीत, आणि बुढीला आधी बोलू द्यावं. एवढं प्रामाणिकपणे केलं, तर कापसाची तुलना करताना कोणी हसणार नाही. ती ओट्यावर न करता ग्रामसभेत करावी, बाजार समितीत करावी, मत मागायला येणाऱ्याच्या समोर करावी. आणि त्या एका वेळी आवाज अजिबात खाली घेऊ नये.