स्वीडनमार्गे मराठी

होस्टिंग कंपनीकडून नूतनीकरणाचं बिल आलं आणि अधिक महिना सरल्याचं कळलं. पहिल्या वर्षी जावयासारखं कौतुक होतं: डोमेन फुकट, ईमेल फुकट, जागा 'अमर्याद'. आता रक्कम जवळपास चौपट, आणि अनारशांचं नाव नाही. मी बाणेदारपणे ठरवलं, वेबसाइट दुसरीकडे हलवायची.

"आहे काय एवढं तिच्यावर?" असं एका मित्राने विचारलं. त्याला मी 'लेखकाविषयी' हे पान वाचायला सांगितलं. ते पान तृतीयपुरुषी आहे. लिहिलंय मीच, पण एखाद्या जाणकार समीक्षकाला राहवलं नाही म्हणून त्याने लिहिलं असावं, असं वाटेल याची काळजी घेतली आहे.

स्थलांतर रात्री दोनला करायचं ठरवलं, कारण तेव्हा वाचकांची गर्दी कमी. मग लक्षात आलं की अमेरिकेतल्या मराठी मंडळींची तेव्हा दुपार असते. पहाटे पाचचा मुहूर्त धरला, तर सिंगापूर जागं होतं. मुखपृष्ठावर सूचना लावली: 'तांत्रिक कामामुळे संकेतस्थळ काही काळ बंद राहील. वाचकांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' हे 'आम्ही' म्हणजे मी आणि माझा लॅपटॉप. बायको म्हणाली, "कुणी मरत नाही. झोपा आता."

निघण्यापूर्वी जुन्या सर्व्हरच्या नोंदी शेवटच्या एकदा डोळे भरून पाहिल्या. भेटींचा आकडा मी चारचौघांत सांगत आलो आहे. तो मोठाच होता. फक्त त्यातले बरेचसे गुगल आणि बिंगचे बॉट होते, आणि एक कुठलंसं यंत्र रोज नेमाने येऊन माझा पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करत होतं. इतक्या चिकाटीने माझ्याकडे येणारा दुसरा वाचक नाही.

फायली हलल्या, डेटाबेस हलला, नेमसर्व्हर बदलले. आता वाट पाहायची. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली डीएनएसची व्यवस्था आखली, तेव्हापासून इंटरनेटला नावावरून पत्ता सापडतो, आणि सापडलेला पत्ता वाटेतली यंत्रं काही काळ लक्षात ठेवतात. किती काळ, ते टीटीएल नावाच्या आकड्यात सेकंदांत लिहिलेलं असतं. माझा आकडा ८६,४०० होता, म्हणजे अख्खा दिवस. तो मी आधीच ३०० वर आणून ठेवला होता, पण काही इंटरनेटवाले असल्या सूचना मनावर घेत नाहीत. त्यामुळे घरातल्या वायफायवर नवी वेबसाइट आणि बायकोच्या मोबाइलवर जुनी, असा प्रकार सुरू झाला.

"तुझ्या फोनवर कुठला मी दिसतोय?"

"जुनाच. नवीन यायचाय का अजून?"

नवीन आला होता, पण त्याची अवस्था बघण्यासारखी होती. चित्रं जागेवर, मेनू जागेवर, 'लेखकाविषयी'तला फोटो तर पूर्वीपेक्षा उजळ. फक्त मराठी नव्हती. तिच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए आणि त्याला चिकटून चारही कोपऱ्यांत मिशा फुटलेलं एक वाटोळं, अशा जोड्या ओळींमागून ओळी चालल्या होत्या.

आता इथे मला थोडं थांबू द्या, कारण या प्रकरणात मला सगळ्यात जास्त आनंद या कचऱ्याने दिला आहे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. माझा मजकूर ठेवणारं मायएसक्यूएल हे सॉफ्टवेअर १९९५ साली एका स्वीडिश कंपनीने काढलं. साहजिकच, कुणी वेगळं सांगितलं नाही तर अक्षरं लॅटिन आणि वर्णक्रम स्वीडिश धरायचा, असा त्याचा शिरस्ता पडला, तो थेट २०१८ साली आठवी आवृत्ती येईपर्यंत टिकला. माझ्या जुन्या कंपनीने वेगळं काही सांगितलेलं नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं मी पुण्यात बसून मराठीत लिहीत होतो आणि ते दफ्तरी दाखल होत होतं स्वीडिश वर्णक्रमात. नोबेलसाठी स्टॉकहोमपर्यंत पोचावं कसं, या विवंचनेत मी काही रात्री काढल्या आहेत. लिखाण एका अर्थी आधीच पोचलेलं होतं, समितीला कळवायचं तेवढं राहिलं होतं.

जुना सर्व्हर लिहून घेताना चुकायचा आणि वाचून दाखवतानाही नेमका तसाच चुकायचा, त्यामुळे बाहेरून सगळं बरोबर दिसायचं. नवा सर्व्हर नियमाने चालणारा निघाला आणि घोटाळा उघडा पडला.

मी तो कचरा वाचायला शिकलो. 'मराठी' हा शब्दच घ्या. त्यातला म हा 'रजिस्टर्ड ट्रेडमार्क'चं चिन्ह होऊन येतो, म्हणजे कुणीतरी तो आपल्या नावावर करून ठेवलाय ही शंका खरी ठरली. र च्या जागी तापमानाच्या अंशाचं चिन्ह येतं. कान्याच्या जागी पाऊण. ठ च्या जागी काहीच नाही, नुसती मोकळी जागा. आणि शेवटच्या दुसऱ्या वेलांटीला एक जपानी येन आणि एक युरो पडतो. पहिली वेलांटी स्वस्त आहे, तिथे येन-युरो लागत नाहीत. तिच्या जागी उलटं प्रश्नचिन्ह येतं. वेलांटी पहिली की दुसरी हा माझा शाळेपासूनचा प्रश्न आहे. यंत्राने तो जागच्या जागी टिपून ठेवला होता. मिशावालं वाटोळंही चलनाचंच चिन्ह, पण कुठल्याच देशाचं नसलेल्या चलनाचं. माझ्या मानधनाच्या शेजारी ते छापायला हरकत नाही.

या सगळ्या वादळात एक गोष्ट मात्र धक्का न लागता उरली होती: उद्गारचिन्हं. रोमन कीबोर्डावरची असल्याने ती जशीच्या तशी उभी होती. मी ती इतकी वापरतो हे मला तोपर्यंत कुणी दाखवलं नव्हतं. एकजण सोडून, त्यांच्याकडे येतोच.

नव्या कंपनीच्या चॅटवर गेलो. पलीकडून 'सर, काइंडली क्लिअर युवर कॅश' आलं. केली. मग 'विच लँग्वेज इज धिस?' मी म्हटलं, मराठी. 'सर, मे बी फॉन्ट नॉट सपोर्टेड.' इथे मात्र माझं डोकं फिरलं. १९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्ये देवनागरी आहे. आपल्या लिपी संगणकावर याव्यात म्हणून सी-डॅकची माणसं याच पुण्यात वर्षानुवर्षं खपली. २०११ च्या जनगणनेत आठ कोटी तीस लाख लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा सांगितली. स्वीडिश बोलणारे साधारण एक कोटी. पण स्वीडिश माणसाने यंत्र घडवताना आपली भाषा त्यात गृहीतच धरली, कुणाची परवानगी काढली नाही. आम्ही २०२४ साली अभिजात दर्जाचे पेढे वाटले आणि पेढ्यांची ऑनलाइन ऑर्डर इंग्रजीत दिली. दर वेळी 'मराठी चालेल ना?' असं विचारून, चाललं की आभार मानायचे, याचा मला मनापासून वैताग येतो. हे सगळं मी चॅटच्या चौकटीत टाइप केलं.

बराच वेळ नुसते तीन ठिपके हलत राहिले. मग देवनागरीत उत्तर आलं: 'सर मी पण मराठीच. जळगावचा. चॅट इंग्लिशमध्येच करावं लागतं.' आणि मग त्या मुलाने मला खरा उपाय सांगितला. मजकूर पुन्हा उतरवून घ्या, उतरवताना तो लॅटिनच आहे असं जुन्या सर्व्हरला बिनदिक्कत सांगा. मग फाइलीत जिथे जिथे लॅटिन लिहिलंय तिथे यूटीएफ८एमबी४ करा आणि चढवा. थोडक्यात, खोटं बोलणाऱ्याशी एकदा त्याच्याच भाषेत बोला. मराठी परत आली. वेलांट्या, काने, ठ, सगळं.

राहिली मेलपेटी. वेबसाइट हलली म्हणून मेल आपोआप हलत नाही, आणि खातं बंद झालं की जुना मालक ती पुसून टाकतो. म्हणून सगळी पत्रं उतरवून घेतली. त्यांत एक गठ्ठा असाच अगम्य रोमन अक्षरांचा निघाला, पण स्वीडनचा इथे हात नव्हता. ती दादरच्या एका निवृत्त मुद्रितशोधकांची पत्रं होती. युनिकोडकडे ते शेवटपर्यंत वळले नाहीत. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी, किरण या फॉन्टांच्या काळात यंत्राच्या लेखी अक्षर रोमनच असायचं, वर मराठीचा वेष तेवढा चढवायचा, आणि प्रत्येक फॉन्टचा वेष निराळा. फॉन्ट गेला की पत्र गेलं. ओळखीच्या डीटीपीवाल्याकडे एका जुन्या सीडीवर तो मिळाला.

'परिच्छेद तिसरा: परीस्थिती नव्हे, परिस्थिती. परिच्छेद पाचवा: उद्गारचिन्ह अनावश्यक. परिच्छेद सहावा: पुन्हा तेच.' माझ्या प्रत्येक लेखाला असं एक पत्र. कौतुकाचा शब्द कुठेच नाही, आणि मी तेव्हा त्यांना खवचट म्हातारा समजून 'धन्यवाद' एवढंच कळवत असे. पण लेख पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत, पासवर्ड न शोधता, वाचणारा माणूस मला त्या सगळ्या नोंदींत दुसरा सापडला नाही. शेवटचं पत्र दोन ओळींचं आहे. 'या लेखात चूक आढळली नाही. प्रकृती ठीक आहे ना?'

पुढे काही महिन्यांनी ते गेले. त्यानंतरच्या लेखांतल्या चुका कुणी काढलेल्या नाहीत. त्या नव्या सर्व्हरवर सुखरूप पोचल्या आहेत.

सगळं मार्गी लागल्यावर नाशिकच्या मावशीला फोन केला. ती माझी जुनी वाचक, मधल्या गोंधळाने हवालदिल झाली असेल असं वाटलं.

"मावशी, आता वाचता येतंय का सगळं?"

"येतंय की. मधे ते फ्रेंचमध्ये होतं ते काढलंस का रे?"

"फ्रेंच नव्हतं ते. बिघडलं होतं."

"अगंबाई! मी आपलं शेजारच्या काकूंना दाखवलं, म्हटलं आमच्या भाच्याची भाषांतरं व्हायला लागली. त्यांनी सोसायटीत सगळ्यांना सांगितलंय. आता काय सांगू त्यांना?"

"काही सांगू नकोस," मी म्हटलं.