डबा नको, आधार कार्ड आणा

अहो, ऐकलंत का? जरा अशा अलीकडे या, वहिनींच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे. उद्या जायच्यात त्या. येरवड्याच्या जेलात! आपल्या पतसंस्थेच्या मॅनेजरसाहेबांना, म्हणजे त्यांच्या मिस्टरांना भेटायला. काल संध्याकाळी आम्ही सगळ्या पिशवी भरायला जमलो होतो, आणि काय सांगू तुम्हाला, लग्नाचं रुखवतसुद्धा इतक्या वादावादीनं मांडलं नसेल कुणी.

पोलीस कोठडी संपली ना त्यांची. कोर्टात 'एमसीआर' झाली म्हटल्यावर आजींनी, म्हणजे साहेबांच्या आईनं, देवापुढे साखर ठेवायला घेतली, पोरगा सुटला म्हणून! वकिलांचा कारकून दारातच उभा. म्हणाला, "आजी, सुटले नाहीत. पोलिसांकडून आता जेलमध्ये गेले." अहो, वाटी तशीच हातात राहिली. मला तर बघवेना. बघितलं, पण बघवेना.

तर काय सांगत होते... हां, डबा! आजींनी पहाटे उठून बेसनाचे लाडू वळलेले. कोपऱ्यावरच्या ताई लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन हजर. आणि हा कारकून, कोवळं पोर हो, पण जीभ काय चालते, म्हणतो, "घरचं खाणं आत घेत नाहीत. कोर्टाची ऑर्डर लागते." आजी म्हणाल्या, "लाडवाला ऑर्डर?" तो म्हणाला, "पोळीलासुद्धा." मी आपलं हळूच विचारलं, चार लाडू रुमालात बांधून दिले तर... त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, मला वाटलं आता मलाही आत टाकतो!

मग त्यांनी खायचं काय? तर आत कँटीन असतं म्हणे. घरून पैसे पाठवायचे, ते त्यांच्या नावावर जमा होतात, त्यातून बिस्किटं, साबण, फरसाण काय हवं ते घ्यायचं. आणि पैसे कसे पाठवायचे? मनीऑर्डरनं! आपले नाना पोस्टातून रिटायर झालेले, त्यांचा चेहरा काय खुलला म्हणता! फॉर्म कसा भरायचा, कैद्याचं नाव कुठे लिहायचं, निरोपाच्या ओळीत काय लिहावं, अर्धा तास नुसते तेच.

कपडे मात्र घरचे चालतात. अजून कच्चे कैदी ना, शिक्षा झाल्यावर जेलचे. वहिनींनी दोन शर्ट कडक इस्त्री करून ठेवलेले. म्हणाल्या, "त्यांना चुरगळलेलं चालत नाही." त्यावर ताई पटकन म्हणाल्या, "आमच्या एफड्या चुरगळल्या, त्या बऱ्या चालल्या!" शांत हो सगळं. वहिनी घडी घालत होत्या, ती घालतच राहिल्या.

आता ताईंचंही काय चुकलं? निम्म्या कॉलनीच्या ठेवी त्याच पतसंस्थेत. बँक असती तर निदान ५ लाखांपर्यंत विमा तरी असता, पतसंस्थेला कुठला? तो १९९९चा ठेवीदारांचा कायदा लावलाय, एमपीआयडी. मालमत्ता जप्त करून ठेवी परत करतात त्यात, पण कधी, ते ब्रह्मदेवाला ठाऊक. आणि सह्या करणारा मॅनेजर आत, चेअरमन मात्र अटकपूर्व जामीन घेऊन परवा मुंजीत पंगतीला! जिलबी मागून घेतली त्यानं, मी पाहिली. आमची फार नाही हो अडकलेली तिथे. म्हणजे आहे... पण फार नाही.

तर काय सांगत होते? हां. मागच्या गल्लीतल्या मावशींनी तर कमालच केली. म्हणाल्या, "तिथे तिकीट काढून जेल दाखवतात ना? टुरिझम की काय?" खरंच आहे ते, २०२१च्या २६ जानेवारीला सुरू झालं, टीव्हीवर दाखवलं होतं. पण वेळकाळ आहे की नाही! वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "मावशी, आम्हाला फुकट आहे." मावशींचं तोंड एवढुंसं झालं. मग सावरायला म्हणून म्हणतात कशा, "अहो, १९३२ साली गांधीजींचं उपोषण तिथेच झालं, येरवडा मंदिर म्हणायचे ते!" ताई गप्प बसतात होय? "गांधीजींनी कुणाच्या ठेवी नव्हत्या बुडवल्या."

हे सगळं होईतो कारकून नावं लिहून घ्यायला लागला. आधार कार्ड हवं, नातं सांगावं लागतं, मोबाईल बाहेर ठेवायचा. भेट म्हणजे काय, मध्ये काच आणि फोनवर बोलायचं. आजींनी विचारलं, "हात नाही लावता येणार?" ...जाऊ दे. तर पत्नी झाली, आई झाली. एवढ्यात नाना पुढे आले. "माझंही नाव लिही." कारकुनानं विचारलं, "नातं?" नाना म्हणाले, "ठेवीदार!"

हसावं तरी कसं, सांगा! त्यांची सगळी ग्रॅच्युइटी आहे हो तिथे. कारकून म्हणाला, "काका, ठेवीदार चालत नाही." नाना म्हणाले, "मला भांडायचं नाही रे. आमच्या पावत्यांची नोंद ज्या रजिस्टरात आहे, ते कुठे ठेवलंय, एवढंच विचारायचंय." वहिनी म्हणाल्या, "मी विचारते नाना." आजी कडाडल्या, "पहिल्या भेटीत पैशाचं बोलायचं नाही!" आणि ताई, "मग दुसऱ्या भेटीत?"

शेवटी ठरलं. आधी तब्येत, मग बीपीच्या गोळ्या मिळतात का ते, आणि मग प्रत्येकाचा एकेक प्रश्न. कागद आत नेऊ देतील न देतील, म्हणून वहिनी रात्रभर पाठ करत बसल्या होत्या. यादी मीच लिहिली, माझं अक्षर बरं आहे ना. आमचीही एक ओळ घातली खाली. तुमची किती होती हो तिथे? लाजू नका, सांगा. अजून दोन ओळींची जागा आहे.