बोटीवर ठरवायला काही नसतं

मराठी माणूस प्रवासाला निघतो तोवर त्याचा निम्मा प्रवास उरकलेला असतो. वहीत रकाने आखून झालेले असतात, कुठल्या गाडीने गेलं की नाश्ता कुठल्या गावात पडतो याचा हिशोब झालेला असतो, आणि पाण्याच्या बाटल्या कोणी धरायच्या यावरून घरात एक अबोलाही होऊन गेलेला असतो. अशा माणसाला क्रूझवर पाठवणं हा त्याच्यावर थोडा अन्यायच आहे. बोटीवर पाय ठेवला की त्याचं कामच संपतं. हॉटेल शोधायचं नाही, टॅक्सीवाल्याशी घासाघीस नाही, रात्री जेवायचं कुठे हा प्रश्न नाही. खोली तीच राहते आणि गावं बदलत जातात. दुसऱ्या दिवशी दुपारी हा गृहस्थ डेकवर उगाच येरझाऱ्या घालताना दिसतो. आयुष्यभर ज्याने चार जणांचे डाग मोजले, त्याला आता मोजायला काही सापडत नसतं.

म्हणून क्रूझचा बेत घेऊन कोणी आलं की माझा सल्ला ठरलेला आहे: ठरवाठरवीची सगळी हौस घरीच फेडून घ्या. भांडणांसकट.

पहिलं भांडण, जायचं कशासाठी. नवऱ्याला गावं बघायची असतात, बायकोला चार दिवस ओटा बघायचा नसतो आणि पोरांना पाण्याची घसरगुंडी हवी असते. गावं बघणाऱ्याने बंदरं जास्त असलेली सफर घ्यावी, पण बोट सकाळी बंदराला लागते आणि संध्याकाळी सुटते एवढं ध्यानात ठेवावं. जाहिरातीत ‘रोम’ लिहिलेलं असतं. बोट थांबते चिवितावेक्कियाला, आणि तिथून रोमच्या जाण्यायेण्यातच दोन-तीन तास खर्ची पडतात. ज्यांना काहीच करायचं नाही त्यांनी बंदर नसलेले दिवस जास्त असतील ते पाहावं. मात्र नंतर ‘नुसतं पाणीच होतं हो सगळीकडे’ असं सांगत फिरू नये.

दुसरं भांडण वसुलीचं. त्यात लाज वाटण्याचं कारण नाही, कारण क्रूझचा जन्मच मुळी वसुलीच्या विचारातून झाला. हिवाळ्यात खवळलेल्या अटलांटिकवर फारसे प्रवासी मिळत नसत आणि हाम्बुर्ग-अमेरिका कंपनीची मोठी आगबोट ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ रिकामी पडून राही. कंपनीचे आल्बर्ट बालिन यांनी १८९१ च्या जानेवारीत ती २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्रात नुसती फिरायला काढली. लोक हसले, बालिन स्वतः बायकोसह त्या बोटीवर चढले. बोट नुसती उभी करून पोसायची कशाला, हा विचार डोंबिवलीतल्या कुठल्याही गृहस्थाला सुचला असता. फक्त त्याच्याकडे बोट नव्हती.

पण मालकाने बोट वसूल करणं वेगळं आणि प्रवाशाने जेवण वसूल करणं वेगळं. एकेकाळी समुद्र ओलांडला की घरी आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागे. आता ते बुफेच्या दुसऱ्या दिवसापासून बोटीवरच सुरू होतं. जाण्याआधी घरात एक ठराव करून टाकावा की तिकिटाचे पैसे पोटातून वसूल करायचे नाहीत. ठराव मोडला जातोच, पण मोडायला काही तरी असलं म्हणजे बरं.

ऋतूच्या बाबतीत मात्र तडजोड नको. आपला अरबी समुद्र जून ते सप्टेंबर कोणाचं ऐकत नाही. आपले कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग होड्या बाहेर काढतात, ते काही हौस म्हणून नाही. मुंबईहून गोवा, कोची किंवा लक्षद्वीप करायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्याची सुट्टी सोडवतच नसेल तर भूमध्य समुद्र आणि अलास्का, दोन्हींचा हंगाम तेव्हा उघडलेला असतो. फक्त अलास्काला जाताना महाबळेश्वरची शाल पुरणार नाही.

मग बोट निवडायची. इथे लोक लांबी विचारतात, मजले विचारतात, घसरगुंड्या मोजतात. मी भागाकार करायला सांगतो. प्रत्येक बोटीचं ग्रॉस टनेज जाहीर असतं. ते वजन नसून बोटीच्या आतल्या जागेचं माप आहे. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की आपल्या वाट्याला किती ऐसपैसपणा येणार ते कळतं. २०२४ साली आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चा आकडा २,४८,६६३. केबिनमागे दोघे धरले तर ५,६१० प्रवासी, म्हणजे माणशी ४४ च्या आसपास. मुंबईकरांच्या ओळखीची ‘एम्प्रेस’ १९९० पासून वेगवेगळ्या नावांनी समुद्रावर आहे. तिचा आकडा सुमारे ४८,५०० आणि त्याच हिशोबाने प्रवासी १,६०० च्या घरात, म्हणजे माणशी ३०. सुट्टीत मात्र वरच्या बर्थवर पोरं झोपतात आणि भागाकार बिघडतो. ‘आयकॉन’वर ७,६०० माणसं मावतात, मग तिथेही ३३ वरच समाधान मानावं लागतं. विरारची लोकल पकडून नोकरी केलेल्या माणसाला ३० काय आणि ३३ काय, दोन्ही राजवाडेच. पण आकडा माहीत असला की तक्रार तरी नेमकी करता येते.

केबिनच्या निवडीत खरा रस आहे, आणि तिथेच लोक घाई करतात. बोटीचा नकाशा कंपनी देते. तो टेबलावर पसरावा, चष्मा लावावा. बोट लागण्याची भीती असेल तर मधली आणि खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी, कारण हेलकावा टोकांना आणि उंचावर जास्त जाणवतो. वरच्या आणि खालच्या दोन्ही मजल्यांवर केबिनच असतील असा मजला निवडावा. डोक्यावर बुफे आला तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो आणि पायाखाली नाचघर आलं तर त्याच पाचपर्यंत झोप येत नाही. बिनखिडकीची केबिन सर्वांत स्वस्त. तिच्यात रात्र आणि सकाळ यांत काही फरक नसतो. पुष्कळ बोटींवर टीव्हीच्या एका चॅनेलवर बोटीच्या नाकासमोरचं दृश्य दाखवतात. ते लावून ठेवलं की उजाडल्याचं कळतं. खिडकीच्या केबिनमध्ये एखादी संशय यावा इतकी स्वस्त दिसली, तर बारीक अक्षर वाचावं. तिच्यासमोर लाइफबोट टांगलेली असते. पैसे समुद्राचे भरायचे आणि दर्शन नारिंगी पोटाचं घ्यायचं. बाल्कनीचे जास्तीचे पैसे मी नवविवाहितांना आणि घोरणाऱ्यांच्या जोडीदारांना मोकळ्या मनाने भरायला सांगतो. केबिनच्या भिंती पोलादी असतात, हे सांगितलं की सगळ्यांचे डोळे चमकतात. चार चुंबकाचे हुक नेले की ओले टॉवेल, पिशव्या आणि टोप्या भिंतीवर चढतात, आणि दोन तासांत त्या खोलीचं आपल्या घरात रूपांतर होतं.

भाड्याचा आकडा लग्नाच्या हॉलच्या भाड्यासारखा वाचायचा. आधी सांगतात तो नुसता हॉल. मग बंदराचे कर, कर्मचाऱ्यांची रोजची माणशी बक्षिसी, इंटरनेट, खास रेस्टॉरंट, बंदरावरच्या सहली. दारूचं पॅकेज घेतलं तर काही कंपन्यांत एका केबिनमधल्या सगळ्या मोठ्या माणसांनी ते घ्यावं लागतं. त्यामुळे नवऱ्याच्या दोन बिअरसाठी संकष्टी करणाऱ्या बायकोच्या नावावरही व्हिस्की चढते. मोबाइलबद्दल एकच: बोट किनाऱ्यापासून दूर गेली की फोन उपग्रहाच्या नेटवर्कवर उडी मारतो आणि त्याचे दर भयंकर असतात. विमानात बसताना करतो तसा तो बंद करावा. आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवरचे फुलांसह सुप्रभात त्या भावात परवडत नाहीत.

परदेशी सफरीत व्हिसा नीट वाचावा. ग्रीसहून निघून तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला आलात तर तो शेंगेन देशांत दुसरा प्रवेश होतो. एकदाच आत सोडणारा व्हिसा तिथे अडतो. आरोग्यविमा परदेशात आणि बोटीवर चालतो का तेही विचारून घ्यावं, बोटीवरचा डॉक्टर आपल्या नाक्यावरच्या डॉक्टरसारखा शंभर-दोनशेत सोडत नाही.

आणि बोट थांबत नाही. पुण्याहून मुंबईला येऊन बोट पकडणाऱ्यांनी आदल्या दिवशीच यावं. खंडाळ्याच्या घाटात ट्रक आडवा झाला हे कारण कप्तानाला समजावून सांगायची सोय नाही. बंदरावर उतरल्यावर घड्याळ बोटीच्या वेळेचंच ठेवावं. बोटीवाल्यांनी नेलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट सहसा वाट बघते, तुम्ही स्वस्तात ठरवलेल्या रिक्षेसाठी नाही.

सामानाच्या विषयावर आमच्या शेजारच्या मावशींनी माझी परीक्षा घेतली. चिवडा चालेल, बंद पाकिटातला सुका खाऊ सहसा चालतो, असं सांगितल्यावर त्या खूश झाल्या. मग त्यांनी यादी पुढे वाचली: चहाची इलेक्ट्रिक किटली, प्रवासी इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड. मी म्हटलं, तिन्ही दारातच काढून घेतील.

“अहो, इस्त्री तरी नेऊ द्या की!”

“मावशी, बोटीला आग लागली तर अंगणात पळता येत नाही.”

त्यांना ते पटलं. चहाचं मात्र अजून पटलेलं नाही. शाकाहार किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवावं, एवढं त्यांनी लिहून घेतलं. माशांच्या भक्तांनाही मी आधीच सावध करतो: चहूकडे समुद्र असला तरी ताटातला मासा बहुतेक वेळा फ्रीजरमधून आलेला असतो. ताजा बांगडा हवा असेल तर मालवणला जावं.

मालवणच्या जुन्या माणसांपुढे मात्र क्रूझच्या गप्पा जपून माराव्यात. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटीच्या डेकवर वळकटी पसरून ते रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले करत गावी गेलेले असतात. बऱ्याच बंदरांत आगबोट खोल पाण्यातच उभी राही आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या होडीत उतरवल्या जात. आजही लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठी बोट लांब थांबते आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. समुद्राला त्या दिवशी मान्य नसेल तर नेत नाहीत, आणि करारात ती सोय कंपनीने आपल्यासाठी करून ठेवलेली असते. त्यामुळे एकाच बंदरासाठी जीव टाकून अख्खी सफर घेऊ नये. बोट लागू नये म्हणून त्या माणसांकडे आलेपाक आणि क्षितिजाकडे नजर, असे दोन उपाय असत. अजून त्यांत फार भर पडलेली नाही. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि मळमळायला लागण्याच्या आधी.

सुरुवातीला बोटीवर सुरक्षेची कवायत असते. तिला कंटाळून बुफेकडे सटकू नये. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. आता ती बोट सुटण्याआधी किंवा सुटताच उरकतात. आपलं जमायचं ठिकाण कुठलं आणि तिथला जिना कुठला, एवढं पाहून ठेवलं की झालं.

कपड्यांबद्दल मी फारसं बोलत नाही. एखाद्या रात्री जरा नीटनेटकं यायला सांगतात. पैठणी पुरेशी असते, आणि तिच्यापुढे बाकीच्या बायकांचे गाऊन फिके पडतात. पण शेवटच्या रात्रीची सूचना मी दोनदा सांगतो. मोठ्या बॅगा रात्री केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या एकदम सकाळी धक्क्यावर भेटतात. त्या संध्याकाळी आपल्या गृहस्थाला बऱ्याच दिवसांनी काम सापडतं. तो झपाटून पॅकिंग करतो, डाग मोजतो, कुलपं लावतो, बॅगा दाराबाहेर सरळ रेषेत उभ्या करतो आणि समाधानाने झोपतो. सकाळी कळतं की सगळ्या पँटी बॅगेत गेल्या. तेव्हा एक पँट बाहेर, खुर्चीवर. पट्ट्यासह.