जे आधी येईल ते

आमच्या गाडीची वॉरंटी एका मंगळवारी संपली आणि इंजिन अकराव्या दिवशी गेलं. म्हणजे वॉरंटीचं दहावं झालं होतं, तेरावं व्हायचं होतं.

साताऱ्याला भाचीचा साखरपुडा होता. खंबाटकीच्या चढावर बायको म्हणाली, "तो काटा असा वर का गेलाय?" मी म्हणालो, "घाट आहे." नवऱ्याला गाडीतलं फार कळत नसलं की तो भूगोल सांगतो. तिसऱ्या वळणावर बोनेटमधून पांढरा धूर आला आणि गाडीने एक लांब उसासा सोडून अंग टाकलं. मागच्या सीटवर पेढ्यांचे बॉक्स घेऊन बसलेल्या मोठ्या मावशींनी लगेच विचारलं, "हिचं अजून गॅरंटीत आहे ना?" मी मनात तारीख मोजली आणि गप्प बसलो.

टोइंगवाल्याने गाडी पुण्याला आणली ती आधी आमच्या जुन्या मिस्त्रीकडे. त्याने डिपस्टिक ओढून माझ्यासमोर धरली. तिच्या टोकाला ऑइल नव्हतं, टपरीवरचा चहा होता. दुधाळ, फेसाळ. "हेड गॅस्केट गेलंय, पाणी ऑइलमधे आलंय. हेड वाकलं असणार. खाली बेअरिंगचं काय झालंय ते खोलल्यावर." मग त्याने दोन्ही हात फडक्याला पुसले आणि मागे घेतले. "मी हात लावत नाही, साहेब. मी एक नट फिरवला की कंपनी म्हणणार, बाहेर काम केलंय. आधी तिकडे न्या." मी म्हणालो, "पण वॉरंटी अकरा दिवसांपूर्वीच संपली." त्यावर तो जे बोलला ते मी तेव्हापासून वेगवेगळ्या टेबलांसमोर वेगवेगळ्या भाषेत बोलत आलोय. तो म्हणाला, "गाडी परवा बंद पडली हो. बिघडली कधीच होती."

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाच्या हातात टॅब होता आणि चेहऱ्यावर त्याच टॅबसारखा प्रकाश. "सर, सिस्टीम एक्स्पायर्ड दाखवतेय." तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, यापैकी जे आधी येईल ते. गाडी पळाली होती उणीपुरी 41 हजार किलोमीटर. उरलेले 59 हजार मी वापरलेच नव्हते. ते परत मिळतात का, असं मी विचारलं. तो हसला नाही. "काटा लाल झाल्यावर गाडी किती चालवलीत, सर?" मी मूर्खासारखा खरं बोललो: घाटाच्या पायथ्यापासून तिसऱ्या वळणापर्यंत. ते त्याने शब्दन्‌ शब्द टिपून घेतलं. वाल्मीकीने क्रौंचवध पाहून जेवढ्या तत्परतेने श्लोक केला नसेल, तेवढ्या तत्परतेने. एस्टिमेट आलं एक लाख अडतीस हजारांचं.

तीन वर्षांपूर्वी ह्याच इमारतीत, काचेच्या पलीकडच्या शोरूममधे, एका गोड मुलीने एक्स्टेंडेड वॉरंटीचा कागद पुढे केला होता. चौदा हजार रुपये. चाकाखाली लिंबं ठेवलेली, बोनेटवर झेंडूचा हार, नारळ फोडायला मुलगा हात उगारून उभा, आणि ही बाई चौथ्या वर्षीच्या आजारपणाचं बोलतेय! बारशाला कुणी मुलाच्या ऑपरेशनचं बोलतं का? मी बाणेदारपणे नको म्हणालो आणि त्याच चौदा हजारांत सीट कव्हरं घेतली. ती कव्हरं अजून उत्तम आहेत. घाटात मावशी त्यांच्यावरच बसल्या होत्या.

रात्री मी फाइल काढली. आमच्याकडे गाडीची फाइल मुलांच्या प्रगतिपुस्तकांपेक्षा नीट आहे. दुसऱ्या वर्षीच्या जॉबकार्डावर बारीक अक्षरात 'कूलंट टॉप-अप'. तिसऱ्या वर्षी पुन्हा 'कूलंट टॉप-अप'. फुकट केलं होतं, आणि मी दोन्ही वेळा थँक्यू म्हणालो होतो. मिस्त्रीला फोनवर वाचून दाखवलं तर तो खूशच झाला. कूलंट हे काही पेट्रोल नव्हे. ते बंद वाटेने फिरत राहतं, ते संपायचं कारण नाही. दरवर्षी भरावं लागतंय म्हणजे कुठून तरी पाझरतंय. "वॉटर पंप बघा. तिथनंच असणार. तुमचं इंजिन दुसऱ्या वर्षापासून आजारी आहे, साहेब, तेवढ्यापुरतं सलाइन लावून घरी पाठवतायत."

सकाळी मी हे दोन कागद घेऊन गेलो. टॅबवाल्याने ते शांतपणे पाहिले आणि तळाशी बोट ठेवलं. 'काम समाधानकारक' असं छापलेलं होतं. त्याखाली सही होती. सही माझी होती.

ह्या सगळ्या भांडणाचा जीव एवढाच आहे. कंपनी विचारते, गाडी कधी बंद पडली? गिऱ्हाईक विचारतं, गाडी कधी बिघडली? दोघांनाही आपापल्या सोयीची तारीख पाहिजे असते. 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' असं आपण वाचलेल्या माणसाबद्दल म्हणतो. इंजिनाचा काळ वॉरंटीत आला होता; वेळ मात्र अकरा दिवस उशिरा आली.

अमेरिकेतल्या भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मामा, इथे ह्यावर मोठं रामायण झालंय. ह्युंदाईने 2015 साली तिथे सुमारे 4 लाख 70 हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या. कारखान्यात क्रँकशाफ्टचं मशिनिंग करताना धातूचा कीस आत राहिला होता. तो ऑइलच्या वाटेत अडकला की बेअरिंगला ऑइल मिळत नाही, आणि इंजिन एक दिवस हायवेवर खडखडून सीझ होतं. म्हणजे गाडी बिघडली जन्माच्या दिवशी, बंद पडली कितीतरी वर्षांनी. लोक कोर्टात गेले आणि शेवटी ह्युंदाई आणि किया ह्या दोन्ही कंपन्यांनी लाखो गाड्यांच्या त्या बिघाडाला आयुष्यभराची वॉरंटी दिली. आयुष्यभराची! मी तो शब्द फोनवर दोनदा म्हणवून घेतला.

आमच्या बिल्डिंगमधले निवृत्त वकीलकाका पेटले. म्हणाले, जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. कायदा 2019 चा, ताजा आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि नऊ लाखांच्या गाडीला फी किती, तर 200 रुपये. इतक्या पैशांत सर्व्हिस सेंटरमधे वायपरसुद्धा मिळत नाही. तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा, आणि वस्तू तपासायला लागली तर पाच महिन्यांत, असंही कायद्यात लिहिलंय. 'प्रयत्न करावा' ह्या शब्दांवर काका जरा वेळ थांबले. त्यांची चाळीस वर्षं तिथेच गेली होती.

खरी गोम पुढे होती. दोष मुळातला आहे हे नुसतं म्हणून चालत नाही, ते जाणकाराच्या अहवालाने दाखवावं लागतं. तोवर इंजिन खोललंय तसंच ठेवायचं. पंप, गॅस्केट, वाकलेलं हेड, सगळं जागच्या जागी, पंचनाम्यातल्या प्रेतासारखं. दुरुस्त केलं तर पुरावा गेला, न केलं तर गाडी गेली. पाच महिने मुलीला क्लासला कोण सोडणार? न्याय आणि रिक्षा ह्यांचा हिशोब बायकोने कॅलेंडरच्या मागे मांडला. रिक्षाचा आकडा मोठा निघाला.

तेवढ्यात कंपनीकडून 'गुडविल' आलं. हा शब्द फार सुंदर आहे. त्याचा अर्थ, आमची चूक नाही पण तुम्ही फार बोलता. स्पेअर पार्टचे निम्मे पैसे त्यांचे, बाकी आणि मजुरी माझी; मात्र ह्यापुढे माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही असं लिहून द्यायचं. वकीलकाका तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी कागद घेतला. खाली 'पूर्ण समाधान' असं छापलेलं होतं, सहीची जागा मला आता तोंडपाठ झाली होती. जुना वॉटर पंप मात्र मी मागून घेतला. तो घरी शोकेसमधे, गणपतीच्या शेजारी आहे. पाहुणे विचारतात, शिल्प आहे का?

गाडी आली. एरवी मी मिस्त्रीकडे फक्त हवा बघायला जातो; ह्या वेळी बोनेट उघडून दाखवलं. त्याने इंजिन चालू ठेवून कान दिला, मान हलवली, रेडिएटरची एक सैल क्लिप आवळली. पैसे विचारले तर म्हणाला, "राहू द्या. दोनेक महिन्यांत काही झालं तर आणा. आपली जबाबदारी."

"लिहून देता?" मी सवयीने विचारलं.

तो माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिला, मग बोनेट खाली पाडून म्हणाला, "आधी कूलंटचं झाकण बघत जा रोज सकाळी. इंजिन थंड असताना."

आता रोज सकाळी पेपरच्या आधी मी खाली जातो. बायको गॅलरीतून विचारते, "किती आहे?" आणि मी खालून ओरडतो, "कालच्याइतकंच!"