पार्किंगचं काय?

डोहाळजेवणाचे फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकून झाले की हा गृहस्थ प्रसूतिगृहं बघायला निघतो. त्याची ओळख करून द्यायला नको. प्रत्येक सोसायटीत आणि प्रत्येक ऑफिसात एक तरी असतोच. पाठीला लॅपटॉपची बॅग, मोबाइलमध्ये सगळ्या हॉस्पिटलांचा एक्सेल तक्ता, आणि दोन पावलं मागे, कमरेवर हात ठेवून खुर्ची शोधणारी बायको. रिसेप्शनवरची मुलगी पॅकेज समजावते : जनरल, सेमी-प्रायव्हेट, डीलक्स, नॉर्मल झाली तर इतके, सिझर झालं तर इतके. तो शांतपणे ऐकतो आणि विचारतो, "पार्किंगचं काय?" सिस्टर त्याला लेबर रूमच्या दारापर्यंत नेतात, बाळासाठी वॉर्मर आहे, बालरोगतज्ज्ञ प्रसूतीच्या वेळी हजर असतात, वरच्या मजल्यावर एनआयसीयू आहे, असं सांगतात. तो मान डोलावतो. "छान. पण रात्री दोनला आलो तर बेसमेंटचं गेट उघडं असतं ना?" शेवटी डॉक्टरीणबाई भेटतात. "काही शंका?" बायको तोंड उघडते, तोवर याची शंका टेबलावर : "गाडी लावून वर येईपर्यंत हिला एकटीला लिफ्टने पाठवायचं का?" सगळ्या फेरीत तो खऱ्या अर्थाने रमतो तो वॉचमनपाशी. तिथे मोजमापं होतात, खांब किती आड येतो ते पाहिलं जातं, आणि निघताना वॉचमनचा नंबर 'अर्जंट' या नावाने सेव्ह होतो.

विचारण्यासारखं दुसरं काही नसतं असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सरकारी संस्थांमध्ये १४.३ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, खाजगीत ४७.४ टक्के. यावर अवघड केसेस खाजगीतच येतात असं उत्तर तयार असतं. पण त्या जिल्हा रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांतही येतातच; एवढी मोठी तफावत नुसत्या अवघडपणाने उलगडत नाही. तेव्हा इथलं सिझरचं प्रमाण किती, रात्री भूलतज्ज्ञ हजर असतात की फोन करून बोलवावे लागतात, रक्त लागलं तर कुठून येणार, हे तीन प्रश्न कोणत्याही तक्त्यात पहिल्या ओळीत हवेत. याच्या तक्त्यात पहिल्या ओळीत आहे 'बेसमेंट/ओपन'. शहाणी माणसं त्याला इथेच निकालात काढतात : आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाआधी या माणसाला गाडीची काळजी!

हा निकाल मात्र घाईचा आहे. त्या दिवशी त्याच्या वाट्याला काय येतं ते पाहा. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणजे सूत्रं सासूबाईंकडे. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू आईकडे, धुरी-शेक मावशीकडे, मालिशवाली बाई आधीच ठरलेली, नाव ठेवायचा मान आत्याचा. सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी सोबत कुणी असावं हे केंद्राने मान्य केलं, पण ती सोबतीण बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली, असंही सांगून ठेवलं. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खाजगी नोकरीत तेवढीही देण्याची कायद्याची सक्ती नाही. बेरीज केली तर बापाकडे उरतात तीन कामं : फॉर्मवर सही करणं, कार्ड स्वाइप करणं आणि गाडी चालवणं. पहिल्या दोन कामांत डोकं चालवायला वाव नाही. लग्नात ज्याच्याकडे फक्त नवरदेवाचे बूट सांभाळायचं काम असतं, तो पंगतीत बसला तरी त्याची नजर बुटांवरच असते. तसाच हा. त्याने पार्किंग निवडलेलं नाही. बाकी सगळं वाटून झाल्यावर ते त्याच्यासाठी उरलं.

आणि ते क्षुल्लकही नाही. माता का दगावतात याची थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ साली केलेली मांडणी सार्वजनिक आरोग्यात आजही वापरतात. तीन उशीर : दवाखान्यात जायचं ठरवण्यात झालेला, तिथे पोचण्यात झालेला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यात झालेला. आपला गृहस्थ ज्याला पार्किंग म्हणतो तो या यादीतला दुसरा उशीर. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि रस्ता नसलेल्या गावांतून बाईला खाटेवर घालून आणायची वेळ येते. म्हणून आदिवासी भागात आरोग्य केंद्राजवळ 'माहेरघर' उभं करून बाईला तारखेच्या आधीच तिथे राहायला बोलावतात. तिथे जो प्रश्न जिवाचा असतो तोच पुण्यात खांब आणि बेसमेंट असं हास्यास्पद रूप घेऊन येतो. गणपतीत रस्ते बंद असतील म्हणून रात्री उठून तीन वेगवेगळ्या वाटांनी रिकामी गाडी चालवून पाहणारा माणूस चिडचिड करायला लावतो खरा. पण ती रिकामी गाडी ही त्याच्या काळजीची एकुलती एक भाषा आहे, हे नाइलाजाने मान्य करावं लागतं.

त्याच्यावरचा खरा आरोप वेगळा आहे : त्याच्या प्रश्नांच्या गर्दीत बायकोचा प्रश्न राहून जातो. कळा सुरू झाल्यावर माझ्याजवळ कोण थांबेल, एवढंच तिला विचारायचं असतं. बाईच्या पसंतीचं माणूस सोबत असावं अशी जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आहे. पुरुषाला आत घेतलं तर शेजारच्या बायकांच्या आडोशाचं काय, ही हरकत सरकारी वॉर्डात रास्त आहे. तिथे एका खोलीत अनेक टेबलं असतात. पण डीलक्सचे पैसे घेणाऱ्यांना ती सबब नाही. पाहुण्यांसाठी सोफा आणि भिंतीवर टीव्ही देणाऱ्या हॉस्पिटलला लेबर रूममध्ये नवऱ्यासाठी एक स्टूल जड होऊ नये. तेव्हा तक्त्यात एक रकाना वाढवावा, 'आत कोण?' असा, आणि तो बायकोने भरावा. ज्यांच्याकडून 'तेव्हाचं तेव्हा बघू' असं उत्तर येईल त्यांची ओळ सरळ खोडायची. एरवी एका खांबापायी चांगली चांगली हॉस्पिटलं खोडण्यात तो पटाईत आहेच.