फक्त दोघांची सहल

पोरांना आजीकडे सोपवून नवरा-बायकोनं शनिवार-रविवारी गाडी काढायची, ही हौस आता नवी पेठेतल्या दुकानदारांपर्यंतही पोचली आहे. हौस चांगलीच, अडचण भूगोलाची. सोलापुरातून कुठलाही रस्ता धरा, पुढे देव उभा. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर. आणि देवाला जायचं म्हटलं की सासूबाई आधीच चप्पल घालून दारात.

उरलं विजापूर, शंभरेक किलोमीटर. गोलघुमटाच्या वरच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलेलं पार पलीकडच्या टोकाला स्वच्छ ऐकू जातं. एकांतासाठी याहून गैरसोयीची इमारत आख्ख्या आदिलशाहीत नसावी! बरं, तिथं जाऊन हे जोडपं कुजबुजतं काय? "अहो, धाकट्यानं दूध घेतलं असेल का?" शाळेची सहल आलेली असते, ती सगळी मिळून हसते. (मध्येच घरून व्हिडिओ कॉल. आठवण वगैरे काही नाही, टॅबचा चार्जर कुठाय एवढंच.)

तरीही निघणार असाल तर खुशाल निघा. फक्त जिना चढण्याआधी खालची थडगी बघून घ्या. 1656 मध्ये वारलेल्या मुहम्मद आदिलशाहानं स्वतःसाठी एवढा थोरला घुमट उभारला. आज त्याच्या शेजारी बेगमा आहेत, मुलगी आहे आणि नातूसुद्धा आहे.